एकच रेघ उमटली

शनिवार, १३ सप्टेंबर २०२५
पाली

शिवानी,

जय भीम मागनं घालीन, आधी हे ऐक. अजितचा फोन तू उचलत न्हाईस, तुझ्या दादांचा उचलत न्हाईस, आणि माझा तर नंबरच बंद करून टाकलायस. बरं केलंस. माझं तोंड बंद केलंस, माझा हात कसा बंद करशील? चौथी शिकलेय, अक्षर वाकडं येतं, पण येतं. हे पत्र अजित भाजीच्या टेम्पोतनं पुण्याला आणून तुझ्या लॅबच्या गेटावर वॉचमनच्या हातात देणार हाय. त्याला सांगणार हाय, मॅडमच्या वहिनीचं हाय, फेकलंस तर ती सोता येईल.

स्नेहलला ताप हाय. स्नेहल म्हणजे अजितची बायको, तुझी भाचेसून. लग्नाला तू आली न्हाईस म्हणून सांगावं लागतंय. सहावा सरून सातवा लागलाय तिला.

पैल्यांदा ताप आला तेव्हा मला वाटलं, बेणणीला जाऊन भिजली असंल. वावरात पाणी साचलेलं, कंबरेत वाकून काम. तिची तीच गेली होती, कोणी ढकलली नव्हती. पण हा ताप भिजल्याचा न्हाई. आधी थंडी भरते. चार गोधड्या घातल्या, वर अजित दाबून बसला, तरी दात वाजायचे थांबत न्हाईत. मग अंग तव्यासारखं. मग घाम, इतका की गोधडी पिळून घ्यावी. आणि मग उठून बसते आणि म्हणते, "आई, मी भाकऱ्या टाकू का?" दुसऱ्या दिवशी बरी. तिसऱ्या दिवशी परत तेच.

आता तू म्हणशील, मलेरियाची पट्टी लावली का. लावली! तूच शिकवलीस ना?

गेल्या भादव्यात तू तुझी ती पोरंपोरी घेऊन आलीस, विहारात सतरंजी टाकून सगळ्या वाडीची बोटं टोचलीस. घाटातल्या रस्त्याच्या कामावर लांबनं माणसं आली होती, पालं ठोकून राहिली होती, तेव्हापासनं हितं ताप सुरू झाला, म्हणून. माणसं रक्त द्यायला येत नव्हती. घरोघरी कोण फिरलं? मी. भिमाआजी म्हणाली, "आमचं रक्त पुण्यात इकायला न्हेती का काय तुझी ननंद?" तिच्याशी भांडलं कोण? मी. म्या सगळ्यांना सांगितलं, आमची शिवानी मलेरियाची नवी पट्टी शोधतीय, रक्तात त्या किड्याचं प्रोटीन असतं ते हुडकतीय, द्या रक्त. माझ्या शब्दावर दिलं लोकांनी. तुझ्या डिग्रीवर न्हाई.

आणि जाताना तू मला जुन्या पट्ट्यांचा डबा देऊन गेलीस, सुया, जाड टिपकागद, सगळं. माझं बोट धरून दाखवलंस. "दोन रेघा म्हणजे मलेरिया, एक रेघ म्हणजे न्हाई. एवढं सोपं हाय, वहिनी."

एकच रेघ उमटली. म्या दोनदा बघितली. अजितनं मोबाईलचा उजेड टाकून बघितली. एकच.

मग पट्टी खरी का ताप खरा, एवढं सांग. ज्ञानूतात्यांची पण तेव्हा एकच रेघ आली होती. तुझे सख्खे चुलते ते. तू म्हणालीस मलेरिया न्हाई, पाणी पाजा, झोपवा. झोपवले. उठले न्हाईत. त्यावर मी तुला गल्लीत उभी करून जे बोलले ते सगळ्या वाडीनं ऐकलं, आणि तू तशीच गाडीत बसून गेलीस. ते शब्द मी मागं घ्यायला हे लिहीत न्हाई. तात्यांचं ते वेगळं. हे वेगळं. हितं अजून माणूस जित्ता हाय.

अजितच्या हाती निरोप दे.

बना

*

सोमवार, १५ सप्टेंबर
पाली

शिवानी,

शनिवारी गेटावर आलीस म्हणं. आलीस ते बरं केलंस. पण भाच्याला पाणी विचारायच्या आधी काय विचारलंस? "पट्ट्या कुठं ठेवल्या होत्या?"

अजितनं घरी येऊन मला विचारलं तेव्हा मी चुलीपुढंच बसले होते. वर हात केला. ती काय फळी. चुलीच्या वरची. पावसाळ्यात मीठ कुठं ठेवतो आपण? काडीपेट्या, बियाणं, सुकट, अजितची लायसनची कागदं कुठं ठेवतो? तुझी दहावीची पुस्तकं कुठं राहिली चार महिने? तुला तरी काही न सांगता कळायला पायजे होतं. हितं चार महिने भिंतीला बुरशी चढते, चपलेला बुरशी चढते. ज्याला जपायचं ते चुलीवर. तुझा डबा म्या सगळ्यात उबदार जागी ठेवला, आपल्या माणसानं दिलेला म्हणून.

आणि आता म्हणतेस, उबेनं पट्ट्या मेल्या. डब्यावर लिहिलंय म्हणं, गरम जागी ठेवू नका. लिहिलंय की. इंग्रजीत.

लई राग आला. अजितला म्हणाले, "तुझ्या आत्याला सांग, डब्यासोबत एक शहाणं माणूस पण ठेवायचं होतंस."

तो म्हणाला, "आई, भांडण मागनं करा. आधी चांगली पट्टी लावू."

म्हणून काल रविवार असून सरकारी दवाखान्यातल्या सिस्टरच्या दारात जाऊन बसले, स्नेहलला जीपमधनं घेऊन. सिस्टर जेवत होती. म्हणाली, "मावशी, आज सुट्टी." म्या म्हणाले, "तापाला सांगा." उठली बिचारी. तिच्या कपाटातली नवीकोरी पट्टी, माझ्यासमोर पाकीट फाडलं. थेंब टाकला, पाणी टाकलं, बसलो बघत तिघी.

एकच रेघ.

आता सिस्टरच्या कपाटात पण चूल हाय का?

सिस्टरनं काचेवर रक्त पण घेतलंय, पण ती काच पुढं जाणार, बघणारा माणूस कधी बघणार ते तिला पण ठाऊक न्हाई. ती म्हणाली, मलेरिया नसंल, टायफॉईड असंल, भोरला दाखवा.

मला ते पटत न्हाई. का पटत न्हाई ते मला सांगता येत न्हाई. तात्यांच्या उशाला मी बसले होते. त्यांचा घाम मी पुसला. त्याला वास होता, आणि तोच वास परवा स्नेहलच्या गोधडीला आला. हे डॉक्टरला सांगितलं तर हसंल. तू हसू नको.

या पत्रासोबत पिशवी हाय ती उघड. आत टिपकागद हाय, तुझ्याच डब्यातला. त्यावर स्नेहलच्या रक्ताचे थेंब हायत. तू दाखवलं होतंस तसंच केलंय, बोट पुसून, पहिला थेंब टाकून दिला, मग एकेका गोलात एकेक. चुलीपाशी वाळवला न्हाई, सावलीत वाळवला, पंख्याखाली, न्हाईतर परत म्हणशील. तुझ्या डब्यातली ती ओल ओढणाऱ्या पांढऱ्या खड्यांची पुडी पण घातलीय. टोचताना स्नेहल हसली, म्हणाली, "आई, माझं रक्त पुण्याला चाललं, मी कधी जायची?" तिला शनिवारवाडा बघायचाय. तुझ्या भाच्यानं अजून दाखवला न्हाई.

तुझ्याकडं मोठी मशीनं हायत. त्यात घालून बघ. पट्टीला दिसत न्हाई ते तुला दिसतं का बघ.

रागानं लिहिलं असंल तर रागानं वाच, पण रक्त आजच्या आज बघ.

बना

*

मंगळवार, १६ सप्टेंबर
भोर

शिवानी,

दवाखान्याच्या पायरीवर बसून लिहितेय, समोरच्या दुकानातनं पेन मागून आणलंय. सकाळी स्नेहलला आणली. टेम्पोत मागं गादी टाकून. राती लई बडबडली. मला "माय" म्हणत होती, अजितला "दाजी" म्हणत होती, ओळख राहिली नव्हती. सलाईन लावल्यावर जरा शुद्धीत आलीय.

आणि वाटंत टेम्पो चालवता चालवता तुझा भाचा रडला. त्याला काल तू जे सांगितलंस ते त्यानं रातभर पोटात ठेवलं होतं. नसरापूरच्या पुढं आल्यावर बोलला.

"आई, आत्या म्हणाली, तात्यांना मलेरिया होता."

म्या म्हणाले, "गाडी बाजूला घे."

त्यानं घेतली. सगळं सांगितलं. तात्यांचं रक्त तुझ्या फ्रीजमधी होतं. तू ते शिमग्याच्या टायमाला दुसऱ्या मशीनवर घातलंस, तर त्यात तो मोठा मलेरिया निघाला, डोक्यात जाणारा. आणि पट्टीला तो दिसला न्हाई, कारण पट्टी ज्या प्रोटीनला धरते, ते प्रोटीन हा किडा सोडतच न्हाई. मला असं कळलं बघ: आपण दारात पायताणाचे ठसे बघत बसायचं, आणि चोर अनवाणी आत. ठसा न्हाई म्हणजे चोर न्हाई, असं म्हणून आपण झोपायचं. आणि तुमी लोक आता दुसरं काहीतरी हुडकताय, असं प्रोटीन की जे सोडल्याशिवाय कुठल्याच किड्याला जगता येत न्हाई. हुडका. चांगलं काम हाय. माझा त्याला विरोध न्हाई.

पण शिमग्याला कळलं तुला. आता भादवा हाय.

अजितनं तुला विचारलं, का सांगितलं न्हाईस, तर तू म्हणालीस, लॅबचे सर म्हणाले, एकदोन माणसांच्या रक्तावर बोलायचं नसतं, लोक घाबरतील, पट्टीवरचा भरोसा उडंल, ज्यांना पट्टी बरोबर सांगते ते पण लावायचे न्हाईत, आधी आणखी रक्त तपासू, मग छापू. आणि रडलीस म्हणं, गेटाला धरून.

सरांचं बोलणं चूक न्हाई, ते मला पण कळतं. पण सर पालीत राहत न्हाईत. तू तर हितलीच. तुला माझ्यापाशी येऊन कानात सांगता आलं असतं, "वहिनी, एक रेघ आली तरी गाफील राहू नको." एवढंच. कोण घाबरलं असतं? मी? मी घाबरणारी बाई हाय का?

न्हाई आलीस. कारण मी तुला गल्लीत बोलले. मग माझ्यावर राग काढायचास, माझ्या सुनेवर कशाला काढतेस?

आणि आणखी एक तू अजितला सांगितलंस. गरोदर बाईच्या अंगात तो किडा बाळाच्या वारेत जाऊन दडतो, बोटाच्या रक्तात सापडतो न सापडतो. हितल्या डॉक्टरनं आज काच बघितली. काही दिसलं न्हाई म्हणाला. त्यानं पट्टी पण लावली. एकच रेघ. मी त्याला तात्यांचं सांगायला गेले तर म्हणाला, "काकू, तुमच्या नणंदबाई डॉक्टर आहेत का?" म्या म्हणाले, त्या किड्याच्या डॉक्टर हायत. सगळा वॉर्ड हसला. हसू दे. म्हणाला, "त्यांचा रिपोर्ट आणा. गरोदर बाईला मी ऐकीव गोष्टीवर औषध देत नसतो." ते पण त्याच्या जागी बरोबर हाय. सगळे आपापल्या जागी बरोबर हायत, शिवानी, आणि पोरगी तापानं जळतीय.

टिपकागदाचं काय झालं? अजित म्हणतो, तुला गुरुवारपर्यंत वेळ लागंल. लवकर कर. जेवू नको, झोपू नको, कर.

बना

*

बुधवार, १७ सप्टेंबर
भोर

शिवानी,

ताप उतरला. काल सांजच्यापासनं अंग गार हाय. सगळे खूश हायत, मी सोडून.

डॉक्टर सकाळी राउंडला आला, म्हणाला, टायफॉईडच्या औषधाचा गुण आला, शुक्रवारी सकाळी सोडतो. आणि पाठोपाठ विहीणबाई आल्या, बाळाबाई, स्नेहलची आई, वरवे बुद्रुकच्या. सोबत स्नेहलच्या दोन भावजया. येताच म्हणाल्या, "सातवा लागला. पैलं बाळंतपण माहेरी. शुक्रवारी गाडी घेऊन येते, हितनंच न्हेते."

रीतच हाय. मी पण माझ्या वेळी सातव्यात गेले होते माहेरी. मला कुठल्या तोंडानं न्हाई म्हणता येतंय? तरी म्हणाले. म्या म्हणाले, "विहीणबाई, आठ दिस थांबा. मलेरिया हाय तिला."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

त्या डॉक्टरकडं वळल्या. "व्हय वो डॉक्टर, मलेरिया हाय का?"

डॉक्टर म्हणाला, न्हाई, तपासलंय.

मग काय, बाळाबाईंना वाट मोकळी झाली. "डॉक्टर म्हणतो न्हाई, पट्टी म्हणते न्हाई, आणि ही बाई म्हणते हाय! माझ्या लेकीला पोटुशी असताना चिखलात बेणणीला घातलीत, ताप आणलात, आणि आता मलेरियाचं नाव काढून अडवून धरताय? तुमच्या घरी ठेवून काय तिचं ज्ञानूतात्यांवाणी करायचंय?"

अजित म्हणाला, "मामी, आत्यानं सांगितलंय, त्या पट्टीला दिसत न्हाई."

"कुठली आत्या? जिला तुझ्या आईनं भर गल्लीत, म्हाताऱ्याला तूच मारलंस म्हणून हाकलली, ती? ती खोटारडी, तिचं ऐकू नका, असं मला लग्नाच्या बोलणीत कोण म्हणालं होतं? हीच ना?"

व्हय. मीच म्हणाले होते. नुसतं त्यांना न्हाई, वाडीत, नसरापूरच्या बाजारात, जो विचारंल त्याला. तेव्हा मला तसंच वाटत होतं. आता मी म्हणते शिवानीचं ऐका, तर ऐकायला एक माणूस न्हाई. तुझे दादा म्हणाले, "पोरीला आईकडं जायचंय तर जाऊ दे की." दादांचं तुला माहीत हाय, भांडण मिटत असंल तर ते घर पण देतील.

स्नेहलला पण जायचंय. सारखी म्हणते, आईकडं न्या. डोळे पिवळे झालेत तिचे. सगळे बाहेर गेल्यावर माझा हात धरून हळूच म्हणाली, "आई, पोट कालपासनं गप्प हाय." मी पळत जाऊन सिस्टरला आणली. मशीन लावलं, ठोके हायत. म्हणाले, झोपलं असंल बाळ. असंल. आईचं रक्त कोणीतरी खात असंल तर बाळ दुसरं काय करणार, झोपणारच.

मला ठाऊक हाय काय होणार ते. दोन दिस बरी राहील. वरव्याला नेतील, डोक्याला तेल लावतील, मऊ भात चारतील, दृष्ट काढतील. मग परत थंडी भरंल. आणि त्या म्हणतील, डॉक्टरनं सांगितलंय मलेरिया न्हाई, अशक्तपणा हाय, झोपवा. तात्यांना आपण असंच झोपवलं. आणि ह्या खेपेला मी तितं नसणार. पुण्याला मोठ्या दवाखान्यात न्यावं म्हणाले, तर नवरा नको म्हणतो, माहेर नको म्हणतं, डॉक्टर म्हणतो गरज न्हाई. मी एकली बाई तिला खांद्यावर टाकून नेऊ का?

म्हणून आता नीट ऐक.

कागद नको मला. तुझ्या लॅबचा नियम हाय, शोधाच्या कामाचा रिपोर्ट पेशंटच्या हातात द्यायचा नसतो, असं तू अजितला सांगितलंस. नको देऊ. तुझी नोकरी जावी असं मला वाटत न्हाई. लई कष्टानं लागलीस, मला ठाऊक हाय, तुझ्या फीसाठी मी पण चिखलात वाकले. पण तोंड तर लॅबचं न्हाई ना? ये हितं. डॉक्टरच्या समोर उभी राहा, तुमची ती इंग्रजी भाषा बोल, त्याला सांग की हितल्या एका माणसाचं असं झालं होतं, पट्टी कोरी आणि रक्तात मलेरिया. सांग की हिचं पण तसंच असू शकतं. तो माणूस वाईट न्हाई. त्याला कोणीतरी शिकलेल्यानं सांगायला पायजे, एवढंच. आणि बाळाबाईंना सांग. त्या तुझ्यावर ओरडतील, मी मधी पडणार न्हाई. मला पण बोलायचं असंल तर सगळ्यांदेखत बोल. भर वॉर्डात बोल. मी खाली मान घालून उभी राहीन, उलटं बोलणार न्हाई, ही बनाची जबान हाय, आणि तुला ठाऊक हाय ती मी सहजी देत न्हाई.

टिपकागदावर काही निघालं न्हाई, तर ते पण सांग. खरं सांग, माझं मन राखायला सांगू नको. "वहिनी, न्हाई" म्हणालीस तर मी बाळाबाईंच्या पाया पडीन, सुनेला माझ्या हातानं गाडीत बसवीन, आणि परत मलेरियाचं नाव काढणार न्हाई. पण गप्प बसू नको. मागच्या बारीला तू गप्प बसलीस आणि मी ओरडले, दोन्हीनं काही भलं झालं न्हाई.

हे पत्र अजित उद्या गुरुवारी पहाटेच्या फेरीला आणंल आणि वॉचमनपाशी न ठेवता तुझ्या हातात देईल. त्याला सांगितलंय, आत्या येईपर्यंत गेटावरनं हलायचं न्हाई, भाजी सडली तरी चालंल.

शुक्रवारी सकाळी नऊला वरव्याची गाडी दवाखान्याच्या दारात लागणार हाय. मी त्या गाडीपुढं उभी राहणार हाय, पण किती वेळ? दोन भावजया हायत, धरून बाजूला करतील. शुक्रवार, नऊच्या आत. आलीस तर ये, न्हाई जमलं तर डॉक्टरच्या फोनवर बोल, नंबर अजितपाशी हाय. हाय का न्हाई, एवढ्याचं उत्तर मला पायजे.

बना